तुम्ही विचारलंत म्हणून: प्लेटने बोलणं सुधारलं हे ठरवता कसं?

जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की घरचे हमखास विचारतात, मॅडम, जीभ टाळूपर्यंत पोचत नाही म्हणून टाळूला बसवतात ती प्लेट लावल्यावर बोलणं सुधारलं की नाही हे तुम्ही ठरवता कसं? मी स्पीच थेरपिस्ट, पण खरं सांगू का, यात माझ्या कानावर माझाच भरवसा नाही, आणि पेशंटच्या बायकोच्या कानावर तर त्याहून नाही. तिला नुसत्या हुंकारावरून कळतं चहा हवाय की पाणी, आणि तेच तेच शब्द ऐकून माझंही तसंच होतं.

म्हणून रेकॉर्डिंग. शब्दांची यादी एकदा प्लेट काढून वाचायची, एकदा लावून, आणि मग ते सगळं उलटसुलट करून अशा कुणाला तरी ऐकवायचं जो या माणसाला कधी भेटलेलाच नाही, प्लेट कधी होती तेही सांगायचं नाही, त्याने फक्त कानावर पडलं ते लिहायचं. प, ब, म ओठांचे, ते बहुतेक वेळा शाबूत राहतात. खरी गोची त, ट, क, र आणि आपल्या ळची. गाल की गाळ, काल की काळ?

एक रिटायर्ड कंडक्टर काका होते. उजवीकडची अर्धी जीभ गेलेली, तिथे हाताची कातडी शिवलेली, ती जागा भरते पण स्वतःहून हलत नाही. त्यांना एकच शब्द नीट हवा होता, तिकीट. आता बघा, ‘त’ला जिभेचं टोक दातांमागे, ‘क’ला मागचा भाग वर, ‘ट’ला टोक वळून टाळूला, एका शब्दात जिभेची सगळी ड्यूटी! जीभ वर पोचत नाही तर टाळूच खाली आणायचा, ही प्लेट एवढंच करते. डेंटिस्टनी तिच्यावर पावडर भुरभुरली, काका ट म्हणाले, प्लेट बाहेर काढली तर डावीकडची पावडर पुसलेली आणि उजवीकडची जशीच्या तशी. म्हणजे उजवीकडे जीभ टेकतच नव्हती, मग तिथे मेण चढवलं, पुन्हा पावडर, पुन्हा ट. जास्त चढवलं की ‘स’ची वाट लागते, हवेला जायला फटच उरत नाही, त्यामुळे तासभर हेच चाललं होतं.

पुढे महिन्याभराने ऐकणाऱ्या मुलीने प्लेटशिवायच्या रेकॉर्डिंगपुढे लिहिलं ‘हिकी’, प्लेटवाल्यापुढे ‘तिकिट’. काकांना कागद दाखवला तर म्हणाले, दुसरी वेलांटी दीर्घ पाहिजे. दीर्घमधला र गाळूनच म्हणाले, तो अजून येत नाहीये.