एजंटचा फेटा
तक्रार एका ओळीची होती: "फेटा माझ्याच नावावर आहे, मग एजंट बोडका का?"

आमच्या टूलचं काम असं: ज्याचा एआय एजंट आहे त्याने वॉलेट (डिजिटल मालमत्तेचं खातं चालवणारं ॲप) जोडायचं, एका संदेशावर सही करायची, आणि आपल्या मालकीच्या डिजिटल वस्तू एजंटच्या अवताराला चढवायच्या. टोपी, चष्मा, उपरणं, काय हवं ते. अशा प्रत्येक वस्तूची ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून राखलेल्या सार्वजनिक नोंदवहीत, एक नोंद असते, तिला टोकन म्हणतात. ईआरसी-७२१ हे अशा टोकनांसाठीचं २०१८ सालचं मानक. अमुक टोकनचा मालक कोण, असं विचारलं की त्याच्या खात्याचा पत्ता परत येतो. तो सही करणाऱ्याचाच निघाला की वस्तू अवताराच्या अंगावर.

तक्रारदार कोल्हापूरचे एक दुकानदार. त्यांचा एजंट दुकानाच्या साइटवर गिऱ्हाइकांना उत्तरं देतो. तुरा-शेमल्यासकटचा हा थ्रीडी फेटा त्यांनी २०२१ मध्ये गावातल्याच एका तरुण कलाकाराकडून घेतला होता. मी आधी मालकी तपासली. त्यांचा एजंट स्वतःच एक टोकन आहे, आणि २०२३ मध्ये मांडलेल्या ईआरसी-६५५१ मुळे टोकनला स्वतःचं खातं असू शकतं. फेटा त्या खात्यात होता. म्हणजे फेट्याचा मालक एजंट आणि एजंटचे मालक दुकानदार. साखळी बरोबर लागत होती.

नव्हती ती फाइल.

ब्लॉकचेनवर फेटा नसतोच. तिथे असतो टोकनचा क्रमांक, मालकाचा पत्ता आणि वर्णनाच्या फाइलचा दुवा. ती वर्णनाची फाइल कुठेतरी शिल्लक होती, तिच्यात थ्रीडी मॉडेलचा आयपीएफएसवरचा (अनेकांच्या यंत्रांवर विखुरलेल्या फाइल-साठ्यावरचा) पत्ताही होता, पण त्या पत्त्यावर काहीच येईना. आयपीएफएसवर फाइल तोवरच मिळते जोवर कुणीतरी ती आपल्या यंत्रावर राखून ठेवतं. ज्या ऑनलाइन बाजारातून फेटा घेतला तो केव्हाच बंद पडला होता आणि त्याने राखलेली प्रतही त्याच्याबरोबर गेली होती. सातबारा हातात आणि जमीन धरणाखाली, अशी दुकानदारांची गत.

टीममध्ये सूचना आली की आपणच एक छान फेटा बनवून तिथे लावू. मी ठाम नाही म्हटलं. टोकन जे सांगतं तेच अवतारावर दिसेल, एवढ्या एका गोष्टीवर लोक आमच्यावर विश्वास ठेवतात. आज भल्यासाठी फाइल बदलली, तर उद्या कुणाच्याही वस्तूच्या जागी काहीही ठेवता येईल.

पण आयपीएफएसचं एक फार सुंदर वैशिष्ट्य आहे. तिथला पत्ता फाइलच्या मजकुरावरूनच काढलेला असतो, मजकुराचा जणू ठसाच; त्याला हॅश म्हणतात. तीच फाइल जगात कुणाकडेही सापडली आणि त्याच पद्धतीने पुन्हा चढवली, तर पत्ता तोच येतो. कुणाची परवानगी लागत नाही. दुकानदारांकडे कलाकाराचा नंबर होता. फोन लावला. "ताई, ब्लेंडरची मूळ फाइल आहे माझ्याकडे, आत्ता एक्स्पोर्ट करून पाठवतो," तो म्हणाला. ब्लेंडर म्हणजे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर.

आलेला फेटा डोळ्यांना अगदी तोच होता. हॅश मात्र वेगळा. जीएलबी फाइल (थ्रीडी मॉडेल या प्रकारच्या फाइलीत येतं) उघडली तेव्हा कारण कळलं: सुरुवातीच्या भागात ब्लेंडर आपल्या एक्स्पोर्टरची आवृत्ती लिहून ठेवतं, आणि त्याच्याकडे आता नवं ब्लेंडर होतं. एक अक्षर बदललं तरी हॅश पूर्ण बदलतो. मी म्हटलं, "दादा, तेव्हा केलेला एक्स्पोर्टच लागेल. कुणाला मेल केला होतास का?" केला होता. त्या बाजाराकडे तपासणीसाठी पाठवलेला मेल त्याच्या सेंटमध्ये तसाच पडून होता.

ती फाइल आली. पुन्हा वेगळा हॅश! इथे माझ्या शेजारी बसणारा सहकारी कामाला आला. त्याने विचारलं, जुना पत्ता 'क्यूएम'ने सुरू होतो ना? आमची सेवा नव्या पद्धतीने पत्ते काढते, ते 'बाफी'ने सुरू होतात. मोठी फाइल तुकड्यांत चिरली जाते आणि ते तुकडे कसे बांधायचे हे दोन्ही पद्धतींत वेगळं असतं. जुनी पद्धत लावली. ४६ अक्षरं मी बोट ठेवून वाचली, तो दुसऱ्या स्क्रीनवर बघत होता. शेवटच्या अक्षरापर्यंत जुळली. आम्ही दोघं इतक्या मोठ्याने ओरडलो की पलीकडच्या टेबलावरचे उठून आले.

फाइल दोन वेगवेगळ्या सेवांवर राखून ठेवली आणि थोड्या वेळात एजंटच्या डोक्यावर फेटा आला. दुकानदारांनी गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या एजंटचा स्क्रीनशॉट पाठवला, खाली लिहिलं होतं: "आता दुकान उघडलं!"

त्या दिवसापासून आमचं टूल वस्तू चढवताना मालकीबरोबर फाइल किती ठिकाणी आहे तेही तपासतं. कुठेच राखलेली नसेल तर मालकाला स्पष्ट सांगतं आणि स्वतः एक प्रत ठेवतं. हे सुरुवातीपासून सगळ्याच बाजारांनी करायला हवं होतं, असं माझं मत आहे. वस्तू विकताना पैसे घेतले, मग ती टिकवायची जबाबदारीही घ्यायला हवी.

त्या मालिकेतले बाकीचे फेटेही आम्ही कलाकाराकडून मागवून परत बसवले. एकाचा जुना एक्स्पोर्ट मात्र कलाकाराच्या मेलमध्येही नाही. त्या फेट्याच्या भावंडांच्या फाइलींत एक्स्पोर्टरची जी आवृत्ती लिहिली आहे ती असलेलं जुनं ब्लेंडर आम्ही कलाकाराच्या लॅपटॉपवर बसवतोय. मूळ फाइल तीच, आवृत्ती तीच, तर हॅशही तोच यायला हवा.