फुकट दिवाळी पहाट: सहा ते साडेसहा सांभाळा

‘विनामूल्य प्रवेश’ एवढंच वाचून निघू नका. खाली बारीक अक्षरात ‘काही जागा राखीव’ असतं. यंदा पाडव्याला एका नाट्यगृहात ‘काही’ म्हणजे पहिल्या नऊ रांगा निघाल्या आणि प्रवेशिका हातात असलेली माणसं पायऱ्यांवर बसली. प्रवेशिका म्हणजे खुर्ची नव्हे. सहाचा कार्यक्रम असेल तर पाचला रांगेत. साडेपाचला बाल्कनी, पावणेसहाला भिंत.

पण त्या राखीव रांगांसाठी जीव जाळू नका. तिथे तबला अंगावर येतो आणि तानपुरा ऐकूच येत नाही. साउंडवाल्याचं टेबल शोधा आणि त्याच्या जवळ, मध्यावर बसा. तो स्वतःच्या कानाला पटेल तसा आवाज जुळवतो, तोच तुम्हाला मिळतो.

खरा घात सत्कारांचा. उघड्यावर ध्वनिक्षेपकाला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी, आणि दिवाळीत पुण्यात साडेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. म्हणजे ललित या पहाटेच्या रागाच्या वेळेला ललित ऐकायला जेमतेम अर्धा तास. संध्याकाळच्या तिकिटाच्या मैफलीत तो राग कुठून मिळणार? शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम (‘म’), पंचम (‘प’) नाही, मध्यमात मिळवलेला तानपुरा, बाहेर अजून अंधार. यासाठीच तर चारला उठायचं! आणि नेमका तोच अर्धा तास दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि भाषणात जातो. हे अक्षम्य आहे.

म्हणून पत्रिका नीट वाचा. साथीला फक्त तबला, संवादिनी आणि तानपुरे असतील तर जा. ऑक्टोपॅड, सिंथेसायझर दिसले की भावगीतं, नाट्यगीतं; तीही छान, पण त्यासाठी पहाटेची गरज नाही. पाहुण्यांची नावं गायकापेक्षा मोठ्या अक्षरात असतील तर सरळ झोपा. नरकचतुर्दशीला फटाके आलापीत घुसतात. वसुबारस किंवा भाऊबीज बरी.

मेट्रो सहाला सुरू होते, तिचा जाताना उपयोग नाही. दुचाकीच न्या, दोन गल्ल्या अलीकडे लावा. दारात उभा राहून पार्किंगचे पन्नास रुपये मागणाऱ्याकडे पावती मागा. पावती नसेल तर पुढे चला. उघड्यावर कार्यक्रम असेल तर गवत दवाने ओलं असतं, सतरंजीखाली प्लास्टिक हवंच.

आणि शेवटची भैरवी सुरू झाली की चपलांकडे धावू नका. गाडी दहा मिनिटं उशिरा निघाली तरी चालेल.