हार्दिक, ती टोपी आणि चिकन सँडविच

बडोद्यात, दांडिया बाजारात आमच्या समोर पटेल राहतात, त्यांचा मुलगा माझा शाळेपासूनचा दोस्त. 25 ऑगस्ट 2015 ला तो पहाटे लक्झरीत बसून अमदावादला गेला, जीएमडीसी ग्राऊंडवर, हार्दिक पटेलच्या सभेला. पाटीदारांना, म्हणजे पटेलांना, ओबीसीत आरक्षण हवं म्हणून ती सभा. हार्दिक तेव्हा 22 वर्षांचा होता हो! त्या वयात मी घरी दुधाचा हिशोब पण नीट द्यायचो नाही, आणि ह्या पोराने लाखो लोक मैदानात आणून बसवले, भाषण वर हिंदीत, म्हणजे नजर कुठे होती बघा.

संध्याकाळी पोलिसांनी हार्दिकला उचललं आणि गुजरात पेटलं. मोबाईल नेट बंद. दोस्ताची आई ओट्यावर बसून सारखी फोन लावतेय, लागत नाहीये, आणि माझी आई तिच्या शेजारी नुसतीच बसलीये. दुसऱ्या दिवशी दुपारी आला एकदाचा, एक चप्पल तुटलेली आणि डोक्यावर 'जय सरदार जय पाटीदार' टोपी तशीच.

आमच्या घरात यावर खूप वाद झाले. ज्या बडोद्याच्या महाराजांनी बाबासाहेबांना स्कॉलरशिप दिली तिथे आरक्षणावर प्रत्येकाचं मत असणारच ना, बाबा म्हणायचे जमीनदार लोकांना कशाला हवंय ओबीसी, आणि मी आपला दोस्ताच्या बाजूने.

मग राजद्रोहाची केस, नऊ महिने जेल, जामीन मिळाला तर सहा महिने गुजरातबाहेर राहायची अट, म्हणून उदयपूर. 2017 च्या विधानसभेत भाजपला 99 जागांवर आणण्यात त्याचा वाटा होताच, पण स्वतः उभा राहू शकला नाही कारण वय 24 आणि कायद्याने लागतात 25. 2019 मध्ये काँग्रेसमध्ये गेला तर विसनगरच्या दंगल प्रकरणातली दोन वर्षांची शिक्षा निवडणुकीला आडवी आली. त्याच वर्षी केंद्राने आर्थिक दुर्बलांसाठी 10 टक्के ईडब्ल्यूएस आरक्षण आणलं, पाटीदारांना ओबीसीत काही घेतलं नाही, पण आंदोलनातली हवा गेलीच.

एप्रिल 2022 ला सुप्रीम कोर्टाने त्याला दोषी ठरवणाऱ्या त्या निकालाला स्थगिती दिली, निवडणुकीचा रस्ता मोकळा झाला, आणि जेमतेम सव्वा महिन्यात काँग्रेसचा राजीनामा. पत्रात काय, तर इथले नेते दिल्लीहून येणाऱ्यांना चिकन सँडविच वेळेवर मिळतंय का ते बघण्यातच गुंतलेत. मी ते वाचून खरंच हसलो, कारण पॉइंट चुकीचा नव्हता. पण 2 जूनला भाजपमध्ये, मोदींचा छोटा सिपाही म्हणून! डिसेंबरमध्ये विरमगामहून 51 हजारांवर मतांनी आमदार.

लोक गद्दार म्हणतात, मला तो शब्द जरा स्वस्त वाटतो. चोवीसाव्या वर्षी उभं राहता आलं असतं तर कदाचित आपल्या जोरावर निवडून आला असता, नंतर मात्र प्रत्येक वेळी कुणाचा तरी दरवाजा ठोठवावा लागला. पण ज्यांच्या घरातली माणसं 2015 च्या त्या आठवड्यात मारली गेली त्यांच्यासमोर हे बोलायची माझी हिंमत नाही. आणि मला टोचतं ते वेगळंच, की त्याच्या केसेस हळूहळू मागे घेतल्या जात होत्या तेव्हा मी बातमी वाचून सरळ पुढे स्क्रोल केलं, 2015 मध्ये मी त्याच्यासाठी बाबांशी चार दिवस बोललो नव्हतो.

तो जिंकला त्यानंतरच्या उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, दोस्ताच्या गच्चीवर होतो, उंधियू, जिलेबी, फिरकी माझ्या हातात. बघतो तर ह्याच्या डोक्यावर तीच टोपी, अक्षरं पार उडालेली, फक्त 'जय' वाचता येत होतं. मी म्हटलं, काय रे, अजून? तो पतंगावरची नजर न काढता, उन्हाचं कारण सांगत म्हणाला, "तडको केटलो छे यार, ढील दे ढील."