आमची वाटचाल : प्लास्टरच्या आधी बोलवा

आज आम्ही घरात खोलीखोलीत स्पीकरचं वायरिंग करतो, पण दुकान मुळात पप्पांचं. सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात, टेप आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं. गणपतीच्या आधी महिनाभर मंडळांची नुसती रांग, कुणाची कॉइल जळालेली, कुणाच्या स्पीकरचा कोन (पुढचा पडदा) फाटलेला आणि सगळ्यांना आजच्या आज पायजे. मग टेप गेले, सीडी आली, पेनड्राईव्ह आला, शेवटी ते ब्लूटूथचे डबे आले जे दुरुस्त करण्यापेक्षा नवीन घेतलेले परवडतात. दुकान भाड्यानं द्यायचं का असं घरात बोलणं चाललेलं, तेवढ्यात विश्रामबागेतल्या एका बंगल्याची तक्रार आली.

हॉल, किचन, बेडरूम, गच्ची अशा चार ठिकाणी स्पीकर बसवलेले आणि अर्ध्या तासात अँप गरम होऊन बंद पडायचा. अँप बदला असं सगळ्यांनी सांगितलेलं. मी मागची वायर सोडवली, मीटर लावला, तर रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, फक्त दीड ओहम! आठ ओहमचा एक स्पीकर मीटरवर सहाच्या आसपास दाखवतो, म्हणजे चारही एकाच जोडीवर पॅरलल मारलेले. आठाचे चार पॅरलल म्हणजे दोन ओहम, आणि अँपच्या मागं तर कमीत कमी चार असं छापलेलं, ओहम जितके कमी तितका अँपवर लोड जास्त, मग तो बिचारा काय करणार. वायरमननं बल्ब जोडतात तसे स्पीकर जोडलेले. बंगल्याला पेंट झालेला, आता भिंतीला झिरी मारायला कोण देणार, म्हणून प्रत्येक स्पीकरच्या आधी इम्पिडन्स मॅचिंगवाला, म्हणजे अँपला स्पीकरचे ओहम वाढवून दाखवणारा व्हॉल्यूम कंट्रोल टाकला, त्याची सेटिंगची पिन (जंपर) चारपटीवर. आठ ओहमचा स्पीकर अँपला बत्तीसचा दिसतो, तसे चार मिळून परत आठ. आवाज थोडा दबतो, पण अँप थंड आणि प्रत्येक खोलीचा आवाज वेगळा कमी-जास्त होतो.

त्या मालकांनी पुढं चार जणांना सांगितलं आणि आम्ही दुरुस्तीतनं वायरिंगमधे आलो. तेव्हापासनं आमचा एकच हट्ट, प्रत्येक खोलीची वायर स्वतंत्र यायची, थेट रॅकपर्यंत (अँप ठेवायची मांडणी), मधे जोड नाही. स्पीकरच्या वायरीचा पाईप लाईटच्या पाईपपासनं फूटभर लांब आणि ओलांडायचाच असेल तर काटकोनात. गिऱ्हाईक म्हणतं वायर जास्त लागते ओ. लागते की! पण अँप पाच-सात वर्षांत बदलणारच, भिंतीतली वायर कोण बदलतंय?

वायरीचा हिशोबही सांगतो. रॅकपासनं स्पीकर १५ मीटर लांब असला तर जाऊन-येऊन ३० मीटर तांबं होतं. दीड स्क्वेअर (मिलिमीटर) जाडीच्या वायरीत त्याचा रेझिस्टन्स ०.४ ओहमच्या आसपास, म्हणजे आठ ओहमच्या पाच टक्के, तिथपर्यंत चालतं. गच्ची त्याहून लांब असेल तर अडीच स्क्वेअर. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अल्युमिनियमची वायर खूप येते, जाड दिसते, स्वस्त असते, ब्लेडनं खरवडली की आतनं पांढरी. ती आम्ही लावत नाही. त्यावरनं कामं सुटली, सुटूदेत.

मिरजेतली कामं मात्र वेगळी. तिथं सतारमेकर गल्लीजवळच्या एका घरी सगळं बसवून झालं, मालकांनी तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "खर्ज कुठंय?" म्हणजे तानपुऱ्याचा खालचा सूर. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. एक स्पीकर त्यांनी आधीचाच ठेवलेला, त्याच्या आतले प्लस-मायनस उलटे निघाले. एक कोन बाहेर येताना दुसरा आत जातो, मग बेस एकमेकाला खाऊन टाकतो. आता आमचा पोरगा दीड व्होल्टचा सेल घेऊन प्रत्येक स्पीकरला क्षणभर लावतो, प्लसला प्लस लावल्यावर कोन पुढं आला तरच पुढचं काम.

२०१९ चा पूर सांगलीकरांना सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलेलं. आमच्या बोळात काय राहिलं असेल ते समजून घ्या. दुकान आम्ही वर नेलं आणि नदीजवळच्या गावभागात काम असलं तर रॅक वरच्या मजल्यावरच धरतो, खाली फक्त स्पीकर आणि वायरी. जिन्याखाली जागा मोकळी आहे असं आर्किटेक्ट सांगतात, सांगूदेत.

आता टीम वाढलीय. पप्पा अजून दुकानात बसतात, जुने अँप तेच उघडतात, आमच्यातल्या कुणाला हात लावू देत नाहीत. साईटची एकच विनंती, भिंतींचं प्लास्टर व्हायच्या आधी फोन करा. पाईप पडले की आम्ही प्रत्येक भिंतीला मोजायची टेप लावून फोटो काढतो आणि मालकांच्या व्हॉट्सअॅपवर टाकतो, म्हणजे नंतर कुणी ड्रिल घेऊन आला तरी पाईप कुठनं गेलाय ते कळतं. स्पीकर दोन वर्षांनी घेतले तरी चालतील.