आधी फुंकून दाखवा: आमच्या दुकानाची वाटचाल

दुकानावर बोर्ड "बँड साहित्य विक्री व दुरुस्ती" असा आहे, पण लातूरला गंजगोलाईत कुणालाही विचारा, ते सांगणार "ते भांडेवाले व्हय, हिकडून दुसऱ्या बोळात". कारण आजोबा आणि वडील दोघंही कल्हईवाले. पातेल्याला कल्हई, घागरीला डाग, कळशीचे पोचे काढणं, हेच घरचं काम. मग स्टील आलं आणि पितळेची भांडी लग्नात रुखवतावर मांडण्यापुरती उरली, कल्हईचं काम आठवड्यात एखादं यायला लागलं. तरी वडलांकडं एक गिऱ्हाईक कधी तुटलं नाही, ते म्हणजे बँडवाले. तुटलेला सांधा जोडायला कथील, नवसागर आणि हात आमच्याकडंच होता ना.

गल्लीतले लोक तेव्हा वडलांना म्हणायचे, "लोकांच्या थुंकीला काय हात लावतावं." बँड वाजवणारे कोणत्या वस्तीतले असायचे ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे बोलणं थुंकीबद्दल नसायचंच. आणि मुळात ट्रम्पेटातून जे पाणी पडतं ते बरंचसं थुंकी नसतंच, गरम श्वासातली वाफ गार पितळेला लागून पाणी होतं, वरणाच्या पातेल्यावर झाकण ठेवल्यावर होतं ना तसंच. हे मला कळायला पण वीस एक वर्षं लागली, तेव्हा कळलं असतं तर गल्लीला उत्तर दिलं असतं.

2004 ला मी वेगळं दुकान टाकलं. भांडवल म्हणजे बायकोचे दागिने गहाण ठेवून आलेले चाळीस हजार, आणि डोक्यात एवढंच की दुरुस्तीला जो येतो तो नवीन पण घेईल. माल आणायला मेरठला गेलो, गाड्या बदलत बदलत, येताना जनरल डब्यात ट्रम्पेट मांडीवर घेऊन बसलो. मेरठची जाली कोठी म्हणजे बँडच्या वाद्यांचं माहेरघर, तिथं नादिर अली कंपनी 1885 पासून आहे, आणि आजूबाजूला गल्लीत ठोकाठोकीचा आवाज चालूच. मला ते लगेच आपलं वाटलं, कारण आमच्या घरचाच आवाज तो. पितळेचा पत्रा कापायचा, गुंडाळून सांधा झाळायचा, साच्यावर ठोकून भोंग्याचा आकार आणायचा. नळी वाकवायची असली तर आत राळ नाहीतर शिसं भरायचं म्हणजे वाकवताना ती चिमटत नाही, मग तापवून बाहेर काढायचं. हे बघून मला वाटलं की आपल्याला सगळं येतंय, भांडं काय न बाजा काय, पितळ ते पितळच.

इथंच आपटलो.

दुकान उघडून सहा महिने पण झाले नव्हते, एक रिटायर झालेले कॉर्नेट (ट्रम्पेटचा बुटका भाऊ) वाजवणारे चाचा त्यांचं जुनं कॉर्नेट घेऊन आले, मधला पिस्टन, म्हणजे बटणाखालचा खाली-वर होणारा दट्ट्या, अडकत होता. मी काय केलं, भांड्याला करतो तसं बारीक पॉलिश पेपर घेतला आणि पिस्टन चकाचक घासला. लोण्यासारखा खाली-वर व्हायला लागला, मी खूश, दीडशे रुपये घेतले. दोन दिवसांनी चाचा परत.

"घासलंस का रे ह्याला?"

"हो, अडकत होता म्हणून."

"अरे बेटा, अडकत होता तर धुवायचं. घासायचं कशाला? आता हवा बाजूनंच पळायलीय, सूर कुठून धरू मी?"

पिस्टन आणि त्याचं घर ह्यात केसाच्या जाडीपेक्षा पण कमी फट असते. तेवढ्या फटीत तेलाचा पातळ थर बसतो आणि तोच हवा अडवतो. मी ती फट वाढवून ठेवली होती. कितीही तेल घाला, आवाज फुसका. दीडशे परत दिले, वर नवीन कॉर्नेट उधारीवर द्यायला लागलो तर चाचांनी ते घेतलं नाही. म्हणाले पैसे नको, रोज दुपारी चहा पाज आणि मी सांगतो ते ऐक. पुढं तीन वर्षं ते दुपारी येऊन बसायचे, आणि आमच्या फर्मचं खरं भांडवल ते, बायकोचे दागिने नाही (दागिने सोडवले नंतर, ती वाचते हे म्हणून सांगतो).

पहिल्याच दिवशी त्यांनी कॉर्नेट बाजूला ठेवलं, फक्त माउथपीस घेतला आणि ओठ मिटून त्याच्यात फुर्रर्र केलं. त्या एवढ्याशा वाटीवर त्यांनी अख्खी चाल वाजवून दाखवली. म्हणाले, "बाजा म्हंजे नुसता भोंगा आहे बेटा, गातं ते तुझं थोबाड." मला आधी मस्करी वाटली. पण पितळी वाद्याचं सगळं गणित ह्याच्यातच आहे. पेटीत पत्ती हलते, क्लॅरिनेटमध्ये रीड हलते, इथं हलतात ते ओठ. मधल्या काळी पाचला ओठ सेकंदाला 466 वेळा उघडझाप करतात, नळी फक्त त्याला साथ देते, आणि कोणत्या सुराला साथ द्यायची ते नळीची लांबी ठरवते.

आपल्याकडं चालणारं ट्रम्पेट सरळ केलं तर साधारण दीड मीटर नळी भरते. एकही बटण न दाबता फुंकलं तर ते काळी पाचच्या पट्टीत बोलतं, पण मनाला येईल तो सूर देत नाही. ओठ सैल असले तर खालचा सा, थोडे आवळले की प, मग वरचा सा, मग ग, प, मग एक उतरलेला कोमल नी जो कुणाच्याच कामाचा नाही, मग त्याच्या वरचा सा. म्हणजे खाली सूर लांब लांब आणि वर जवळ जवळ, जिन्याच्या पायऱ्या वर जाताना बुटक्या होत गेल्यासारखं. शाळेत झेंडावंदनाला बिगुल वाजतं त्याला बटण नसतं, म्हणून त्याच्या सगळ्या चाली ह्याच चार-पाच सुरांत फिरतात. मला हे कळलं त्या दिवशी रात्री झोप नाही लागली, खरंच सांगतो.

मधले सूर आणायचे तर नळी लांब करायची, बटणं त्यासाठी. मधलं बटण दाबलं की हवेला जादा वळसा पडतो आणि सूर अर्धा उतरतो, पहिल्यानं पूर्ण सूर, तिसऱ्यानं दीड. तीन बटणांच्या जोड्या आठ होतात, पण पहिलं आणि दुसरं मिळून पण दीडच होतात म्हणून वेगळे उतार सातच. ट्रोम्बोनला बटणं नसतात, दांडी पुढं-मागं करायची, तिच्या जागा पण सातच, कारण काम तेच आहे. ही बटणांची करामत जर्मन लोकांनी 1818 ला पेटंट केली, आणि आज आपण जे सरळ खाली-वर होणारे पिस्टन वापरतो ते पॅरिसच्या पेरिनेनं पुढं वीसेक वर्षांनी आणले. त्याच्या आधी ट्रम्पेटवाले नळीचे जादा तुकडे सोबत घेऊन हिंडायचे, पट्टी बदलली की तुकडा बदल.

आता ह्याच्यात एक लबाडी आहे जी बऱ्याच वाजवणाऱ्यांना पण माहीत नसते. पहिलं आणि तिसरं एकदम दाबलं की सूर थोडा चढा लागतो. कारण पहिल्या बटणानं नळी आधीच लांब झाली, आता त्या लांब नळीला उतरवायला तिसऱ्याचा तुकडा पण जास्त लांब पाहिजे होता, तो तीन-साडेतीन सेंटीमीटर कमी पडतो. म्हणून तिसऱ्याच्या नळीला बोटात घालायची कडी असते, वाजवताना ती पुढं ढकलायची. दुरुस्तीला येणाऱ्या दहातल्या आठ ट्रम्पेटची ही नळी गंजून घट्ट बसलेली असते आणि मालक म्हणतो "ती कडी शोची आहे ना?"

चाचा गेले त्याला बरीच वर्षं झाली. पण त्यांच्यामुळं दुकानाचा एक नियम पडला तो आजपर्यंत आहे, बाजा काउंटरवर ठेवला की मी हात लावत नाही, आधी म्हणतो फुंकून दाखवा. निम्मी दुरुस्ती तिथंच कळते.

एकदा औशाकडचा एक पोरगा धापा टाकत आला, संध्याकाळी वरात आणि ट्रम्पेटात हवाच जाईना. "काका, गाढवावानी फुंकलालो तरी आवाज न्हाई." पोरानं सकाळी हौसेनं धुतलं होतं आणि पहिला पिस्टन तिसऱ्याच्या घरात घातला होता. पिस्टनवर बारीक 1, 2, 3 कोरलेलं असतं, ते कुणी बघतच नाही. जागा बदलून दिल्या, अर्धं मिनिट. पैसे किती घ्यायचे हा प्रश्न मला आजपण पडतो, तेव्हा काहीच घेतले नाही, आणि आज त्या पोराच्या स्वतःच्या बँड पार्टीची सगळी खरेदी आमच्याकडून आहे, तेव्हा तोटा झाला असं नाही.

दुसरा नेहमीचा आजार खोबरेल तेल. घरात आहे म्हणून पिस्टनला तेच घालतात. ऑक्टोबरात मस्त चालतं, मग डिसेंबरात पहाटे देवळापुढं वाजवायला उभे राहिले की सगळी बटणं जाम, कारण खोबरेल थंडीत गोठतं हो, बाटलीत बघता की रोज! तिसरा आजार गुटखा. राज्यात बंदी 2012 पासून आहे पण ट्रम्पेटच्या नळ्यांना ते कुणी कळवलेलं नाही. आतून ब्रश फिरवला की जे लाल-तपकिरी निघतं ते मी गिऱ्हाईकाला मुद्दाम पांढऱ्या कागदावर दाखवतो. आणि चिंच! बाहेरून चमकायला चिंच, लिंबू लावून रात्रभर ठेवू नका, आंबट पितळेतला जस्त खातं आणि मागं तांब्याचे गुलाबी डाग उरतात, मग तिथं पत्रा कुजायला लागतो.

मे महिन्यातलं भांडण वेगळंच. 42 डिग्री उन्हात वरात, आणि कीबोर्डवाला ट्रम्पेटवाल्याला म्हणतो तू चढा वाजवतोस, ट्रम्पेटवाला म्हणतो तुझं मशीन बिघडलं. दोघं पण खोटं बोलत नाहीत. गरम हवेत आवाज जोरात पळतो, 20 डिग्रीला सेकंदाला 343 मीटर आणि 40 डिग्रीला 355 च्या आसपास, त्यामुळं नळी तीच असून सूर चांगला कानाला कळेल एवढा चढतो, कीबोर्ड आपला जागेवरच. उपाय म्हणजे ट्रम्पेटची मुख्य ट्यूनिंग नळी बोटभर बाहेर ओढायची. पण ओढायला ती निघाली तर पाहिजे, परत तेच, गंज.

धंद्याचं सांगायचं तर सरळ वर गेलेला रस्ता नाही. डीजे आला तेव्हा निम्म्या पार्ट्या बंद पडल्या, पंधरा माणसांना बिदागी देण्यापेक्षा एक ट्रॅक्टर आणि स्पीकरच्या भिंती लोकांना स्वस्त वाटल्या. 2016 ला तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात लग्नं झाली ती पण गपचूप, सुपाऱ्या परत गेल्या. 2020 ला तोंडाला मास्क आणि आमचा सगळा धंदा तोंडानं फुंकायचा. त्या वर्षी लोक सुसाफोन भंगाराच्या भावानं किलोवर विकायला निघाले, ते मोठं खांद्यावरचं वेटोळं, ज्याच्या भोंग्यावर बँडचं नाव रंगवतात. साडेपाच मीटर नळी असते त्यात, बऱ्याच पार्ट्यांत ते नुसतं शोभेला असतं कारण वाजवायला दम लागतो. मी भंगारपेक्षा थोडा जास्त भाव देऊन चौदा नग घेतले आणि सांगितलं की दोन वर्षांत आलात तर ह्याच भावानं परत नेता येईल. नऊ जण आले. राहिलेले पाच मी विकले, नफ्यात विकले, उगीच मोठेपणा सांगत नाही.

आता परत जरा बरं आहे. रात्री दहानंतर स्पीकर बंद, त्यामुळं काही लोक परत बँडकडं वळलेत, 14 एप्रिल आणि 1 ऑगस्टच्या मिरवणुकांना पार्ट्या महिनाभर आधी बुक असतात. शाळांचे बँड पण वाढलेत, तिथल्या पोरी फार लवकर शिकतात, कारण त्या गाल फुगवत नाहीत. (गाल फुगवून वाजवणारा जगात एक डिझी गिलेस्पी झाला, अमेरिकेतला जॅझचा ट्रम्पेटवाला, त्याच्या ट्रम्पेटवर 1953 ला एका पार्टीत कुणीतरी पडलं आणि भोंगा वर वाकला, तर त्याला आवाज आवडला म्हणून पुढं तसलेच बनवून घेतले. आमच्याकडं वाकलेला भोंगा आणला तर आम्ही सरळ करून देतो.) शाळावाले सॅक्सोफोन पण पितळी वाद्यांच्या यादीत टाकतात, तो पितळेचा असला तरी रीडवर वाजतो म्हणून क्लॅरिनेटचा भाऊबंद, यादी त्याप्रमाणं दुरुस्त करून पाठवा म्हणजे कोटेशन नीट देता येईल.

आता आम्ही तिघं आहोत, मी, धाकटा भाऊ आणि झाळकामाला एक पोरगा. बारीक दुरुस्ती त्याच दिवशी, पोचे काढायला दोन दिवस, पिस्टनचं काम असलं तर आठ दिवस धरा. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि मग रात्री अकराला शटर वाजवणारे येतात, "उद्या हळद आहे, एवढं करून द्या". त्याच्या आधी दिवाळीतच या. माउथपीस आत अडकला असला तर पक्कड लावू नका, नळी पिळवटते, तसाच घेऊन या, आमच्याकडं तो काढायचं हत्यार आहे. आणि येताना वाजवणारा माणूस सोबत आणा, नुसता बाजा रिक्षात घालून पाठवू नका.