ड्रेनचा अलार्म आणि ‘बायपास दाबा’ : घरच्या डायलिसिसचा माझा अनुभव

आईचं पोटाचं डायलिसिस आम्ही दापोलीत घरीच करतो. म्हणजे पोटात डायलिसिसचं पाणी भरायचं, काही वेळ ठेवायचं आणि मग काढून टाकायचं. हे काढणं म्हणजे ड्रेन. कॅथेटर (पोटात बसवलेली नळी), प्रशिक्षण, बॅगांचा पुरवठा, सगळं मार्गी लागलं. अडलं एकाच ठिकाणी. रात्री सायकलर (हे पाणी आपोआप भरणारं आणि काढणारं यंत्र) ‘ड्रेन कमी’ म्हणून ओरडायचा आणि हेल्पलाइनवरून ठरलेलं उत्तर यायचं, “बायपास दाबा.” त्याचा राग अजून जात नाही.

बायपास म्हणजे चालू टप्पा सोडून पुढे जाणं. ते बटण दाबलं की यंत्र गप्प होतं आणि पुढचं भरणं सुरू करतं. पोटातलं पाणी मात्र तिथेच असतं. दीड लिटर आत उरलं आणि वर दोन लिटर गेलं, तर साडेतीन लिटर झालं! पोट ताठ होतं, धाप लागते, उलटी होते, खांदा दुखतो. अशा वेळी भरणं थांबवून लगेच मॅन्युअल ड्रेन (आपण स्वतः सुरू केलेला ड्रेन) लावायचा आणि डायलिसिस युनिटला फोन करायचा. धाप उतरत नसेल तर थेट रुग्णालय गाठायचं. दिवसा पोटात पाणी ठेवत असाल, तर रात्रीचा पहिला ड्रेन कधीही टाळू नका.

अलार्म वाजला की आधी क्लॅम्प (नळी बंद करणारा चिमटा) बघा, मग नळीला पीळ पडलाय का, ती अंगाखाली दबलीय का. रुग्णाला कुशीवर वळवा, उठून बसवा. यंत्र खाटेच्या पातळीला हवं. नळीत पांढरे धागे दिसले तर ते फायब्रिन, म्हणजे नळी तुंबवणारं प्रथिन. त्यावर हेपरिन (गुठळी होऊ न देणारं औषध) डॉक्टरांनी सांगितलं तरच. आणि कोणी विचारत नाही ते कारण म्हणजे पोट साफ नसणं. भरलेलं आतडं कॅथेटर दाबतं. पण मॅग्नेशियम किंवा फॉस्फेट असलेलं रेचक किडनीच्या रुग्णाला मनाने देऊ नये.

ड्रेन झालेली बॅग ताणकाट्यावर तोला. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. भरलं किती, निघालं किती, हे वहीत लिहिलं की डॉक्टरांपुढे वाद उरत नाही.

पाणी गढूळ आलं तर त्याच दिवशी फोन करा आणि ती बॅग न फेकता सोबत न्या. जोडणी करताना मे महिन्यातही पंखा बंद, तोंडाला मास्क.

यंत्राशिवाय, हाताने पाणी बदलायच्या बॅगांचा साठा पावसाआधी भरून ठेवा. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर आमच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. हाताने पाणी बदलायला (एक्सचेंजला) वीज लागत नाही. बॅग वर टांगायला खुंटी आणि ड्रेनची बॅग ठेवायला स्वच्छ जमीन पुरते. खोके मात्र फळीवर, भिंतीपासून लांब ठेवा. ओल वर चढते.