सेन्सिटिव्हिटीचा आकडा बघून लगेच खूश होऊ नका

सरफेस प्लास्मॉन रेझोनन्सवर चालणारे फायबर सेन्सर, म्हणजे सोन्याचा थर दिलेल्या काचेच्या तंतूतून प्रकाश सोडून भोवतीच्या द्रवातला बदल मोजणारे सेन्सर, हा माझा अगदी आवडीचा विषय. कुठलाही नवीन पेपर उघडला की पहिल्याच पानावर सेन्सिटिव्हिटीचा मोठ्ठा आकडा असतो आणि सगळे तोच बघतात, पण माझ्या मते खरी परीक्षा पुढे असते.

आधी थोडक्यात सांगते. मल्टिमोड फायबरच्या (ज्यात प्रकाश अनेक वाटांनी जातो) एका छोट्या भागावरचं क्लॅडिंग, म्हणजे बाहेरचं आवरण, काढायचं आणि उघड्या पडलेल्या कोअरवर, म्हणजे आतल्या गाभ्यावर, साधारण ५० नॅनोमीटर सोन्याचा थर चढवायचा, सोनं काचेला नीट धरत नाही म्हणून खाली बरेचदा क्रोमियमचा अगदी पातळ थर देतात. मग एका टोकातून पांढरा प्रकाश सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे कुठल्या वेव्हलेंग्थचा प्रकाश किती आला ते दाखवणारं यंत्र. ठरावीक वेव्हलेंग्थचा प्रकाश सोन्यातल्या इलेक्ट्रॉनना एकत्र हलवतो, तेवढी ऊर्जा तिकडे जाते आणि स्पेक्ट्रममध्ये खड्डा पडतो, म्हणजे डिप. फायबर पाण्यातून काढून साखरेच्या पाण्यात बुडवला की रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (द्रव प्रकाशाला किती वाकवतो त्याचा आकडा) वाढतो आणि डिप हळूहळू लाल बाजूला सरकताना स्क्रीनवर दिसतो, ते बघायला मला आजही तेवढंच आवडतं! क्रेत्शमनच्या, म्हणजे आधीच्या पद्धतीत सोन्याच्या थराखाली प्रिझम लागायचा आणि कोन मोजायला लागायचा, १९९३ मध्ये जॉर्गेन्सन आणि यी यांनी तेच काम फायबरवर करून दाखवलं, त्यामुळे टोक जिथे पोचेल तिथे मोजता येतं.

आता मुद्दा. समजा सेन्सिटिव्हिटी २००० नॅनोमीटर प्रति आरआययू (रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सचं एक युनिट) आहे, म्हणजे इंडेक्स ०.००१ ने बदलला तर डिप २ नॅनोमीटर सरकणार. ऐकायला छान, पण मल्टिमोड फायबरमध्ये प्रकाश एकाच वेळी कितीतरी कोनांनी धावतो, प्रत्येक कोनाचा डिप थोडा वेगळ्या जागी, सगळे मिळून डिप चांगलाच पसरट होतो आणि त्याचा तळ नेमका कुठे हे ठरवणंच अवघड होऊन बसतं. त्यात तापमान. खोलीच्या तापमानाला पाणी १ अंशाने गरम झालं तर त्याचा इंडेक्स साधारण ०.०००१ ने कमी होतो, म्हणजे डिप ०.२ नॅनोमीटर उलट्या दिशेला! हवं ते प्रोटीन पकडायला सोन्यावर लावलेल्या अँटिबॉडीला थोडंसं प्रोटीन चिकटल्यावर मिळणारा सिग्नलही कधीकधी एवढाच असतो, मग सरकला तो प्रोटीनमुळे की पाणी थंड झालं म्हणून? म्हणून शेजारी अँटिबॉडी न लावलेला रेफरन्स फायबर हवाच, आणि तोही त्याच द्रवात.

त्यातून सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात, नको ती प्रोटीनंही सोन्यावर चिकटतात, आणि डिपला कोण चिकटलं ते कळत नाही, काहीतरी चिकटलं एवढंच कळतं. ओळख पटवायचं काम वरच्या केमिस्ट्रीचं आहे, फायबरचं नाही. त्यामुळे नवीन पेपर आला की मी आधी डिपची रुंदी बघते, मग रेफरन्स आहे का ते, आणि नुसत्या बफरऐवजी (प्रयोगशाळेतलं स्वच्छ क्षारांचं पाणी) सीरममध्ये मोजलेला आलेख दिला असेल तर पेपर शेवटपर्यंत वाचते.